मी पोहोचलो की मशीन बरी व्हायची

मशीन दुरुस्त करणारा माणूस वेगळा असतो. ती बिघडली आहे हे सगळ्यांच्या आधी ओळखून बोंब मारणारा मी. नोकरीभर मी एवढंच केलं. तरी आमच्या अमरावतीत कोणी विचारलं की गावंडे साहेब, तुम्ही त्या कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय करत होते, तर मला आजही धड सांगता येत नाही. माझा साळा लोकांना सांगतो, आमचे जवाई मशिनीची जागल करत होते. आधी मला राग यायचा. मग वाटलं, याच्यापेक्षा बरं मला तरी कुठं सांगता येते?

तर राजेहो, आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचा घोळ समजेल. माझ्या डोक्यातला घोळ अजून मिटलेला नाही. तुमचा मिटला तर मला कळवा.

आमची संस्था दवाखाने चालवायची. मोठा दवाखाना अमरावतीला, दुसरा अकोल्याच्या पुढे तेल्हाऱ्याच्या वाटेवर, आणि तालुक्याच्या गावांमध्ये लहान तपासणी केंद्रं. रक्ताचा रिपोर्ट, एक्सरे, सोनोग्राफी, सगळं सर्व्हरवर साठवलेलं. डॉक्टर आपल्या टेबलावर बटन दाबतो आणि फोटो समोर येतो, तो या सर्व्हरमधून येतो. एकट्या सर्व्हरवर कोणी भरवसा ठेवत नाही, चारपाच एकत्र जुंपतात. त्याला क्लस्टर म्हणायचं. एक बसला तर बाकीचे ओढतात. दोघं-तिघं बसले की गाडी रस्त्यात उभी आणि पेशंट बाकावर.

मी अमरावतीला बसून एक सॉफ्टवेअर सांभाळायचो. ते दर थोड्या वेळानं प्रत्येक सर्व्हरला हाक मारायचं, आहेस का? त्यानं ओ दिली की पडद्यावर हिरवा ठिपका. उशीर लावला तर पिवळा. दिलीच नाही तर लाल, आणि माझ्या फोनवर मेसेज. याला चेक म्हणतात. पण नुसतं आहेस का विचारून भागत नाही. खाटेवर तापानं फणफणलेला माणूसही ओ देतोच की. म्हणून जागा किती उरली, डोकं किती तापलं, रिपोर्ट खरंच उघडून देतो की नुसतं हो हो करतो, असे निरनिराळे चेक लावावे लागतात.

दुसरी भानगड लॉगची. सर्व्हर दिवसभर पुटपुटत असतो. अमका आला, तमका गेला, हे उघडलं, ते उघडलं नाही. हे सगळं तो लिहून ठेवतो, आणि ते वाचायला बसलं तर शहाणा माणूस वेडा होईल. म्हणून सॉफ्टवेअरला बजावून ठेवायचं की अशा अशा ओळी दिसल्या तरच मला सांग. कोणत्या ओळीला धावायचं आणि कोणत्या ओळीला कूस बदलून पडून राहायचं, हे ठरवण्यात माझे केस गेले. सुरुवातीला हौस दांडगी होती. काही चुकलं, फसलं, अडलं अशा अर्थाची ओळ आली की मेसेज, असं लावून ठेवलं. डॉक्टर मंडळी पासवर्ड चुकवण्यात पटाईत. फोन थांबेचना. शेवटी बायकोनं तो उचलला आणि गव्हाच्या कोठीत टाकला. त्या दिवसापासून मी कमी ओळी लावायला शिकलो.

चांदूर बाजारच्या केंद्राचं एक सांगतो. तिथली इंटरनेटची लाइन बाजाराच्या दिवशी हमखास तुटायची. बाकी आठवडाभर हिरवी, बाजाराच्या दिवशी लाल. मी कंपनीशी भांडलो, डबा बदलला, वायर बदलली. मग एकदा बाजाराच्याच दिवशी स्वतः गेलो. एका कांदेवाल्यानं आपल्या ताडपत्रीची दोरी आमच्या केबलच्या खांबाला बांधली होती. वारा आला की ताडपत्री फुगायची, खांब हलायचा आणि अमरावतीला माझा फोन वाजायचा. त्याला म्हटलं, भाऊ, दोरी सोड. त्यानं सोडली आणि दुसऱ्या खांबाला बांधली. तोही आमचाच होता. पण त्याच्यावर वायर नव्हती, म्हणून मी रामराम करून निघालो.

सांगायचं काय, तर बिघाड दिसतो तिथं नसतो, हे मला पाठ होतं. पोरांना शिकवायचो मी. तरी अकोल्याच्या त्या उन्हाळ्यानं मला असा चकवा दिला की आठवलं की आजही डोकं खाजवतो.

अकोल्याच्या सर्व्हरची खोली प्रतिभा इंगळे सांभाळायच्या. डिप्लोमा झालेल्या, कामाला चोख, बोलायला रोखठोक. घरी म्हातारी आई आणि शाळेतली मुलगी, कमावणाऱ्या त्या एकट्याच. नोकरी कराराची. दर वर्षी जून संपता संपता संस्थेची बैठक व्हायची आणि त्यात करार पुढे चालवायचा की नाही ते ठरायचं. मदतीला रामभाऊ नावाचे जुने शिपाई. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय नाव विचारायचे नाहीत, असा माणूस.

मार्च सरताना खोलीतला एसी कण्हायला लागला. चालू असायचा, पण गारवा नावालाच. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. खोलीच्या तापमानाचा चेक मीच लावलेला होता, तो रोज दुपारी लाल. मेसेज मला येई, आणि आमच्या सचिव साहेबांनी हट्टानं आपला नंबर टाकून घेतला होता म्हणून त्यांनाही जाई. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. लाल म्हणजे कोणीतरी हलगर्जीपणा करतंय, एवढं ते समजायचे. मेसेज आला की ते अकोल्याला फोन करून प्रतिभाताईंना झापायचे. ताईंनी एसीसाठी अर्ज दिला. मग दुसरा दिला. दोन्हीवर मी शिफारस करून पुढे पाठवले. उत्तर आलं, विषय पुढच्या बैठकीत घेऊ.

मग एके दिवशी मेसेज यायचे थांबले. तापमान हिरवं. दुसऱ्या दिवशी हिरवं, पुढच्या आठवड्यातही हिरवं. मला वाटलं, एसीनं अंग झटकलं. ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं की अकोल्याची खोली सध्या सगळ्यांत उत्तम. प्रतिभाताईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सचिव साहेबांनी अंगठा दाखवला. मी पंख्याखाली निवांत बसलो.

ते सुख काही फार टिकलं नाही. एप्रिलच्या मध्याला एका सर्व्हरचं नेटवर्क अचानक गेलं आणि आपोआप आलं. मग दुसऱ्याचं गेलं. मग पहिल्याच्या लॉगमध्ये मेमरीच्या चुकीच्या ओळी दिसायला लागल्या. एक भाग बदलला तर शेजारचा बिघडला. तेल्हाऱ्याच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पोटात दुखणारी एक मुलगी समोर झोपलेली, सोनोग्राफीचा फोटो उघडत नव्हता, ऑपरेशन करायचं की थांबायचं ते कळेना. फोटो उघडला, मुलगी वाचली, पण बाई मला जे बोलल्या ते मी इथं लिहू शकत नाही. बरोबरच बोलल्या.

मी प्रतिभाताईंना रोज विचारायचो, सर्व्हरवर काही नवीन टाकलं का? काही हलवलं का? त्या म्हणायच्या, नाही साहेब, मी त हातबी लावला नाही. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मग मी सगळ्या लॉगची छाननी केली, चेक जास्त बारीक लावले, आणि त्यातून एक नमुना निघाला. बिघाड फक्त दिवसा. दुपारी जोरात. रात्रीतून सगळं आपोआप जागेवर. रविवारी काहीच नाही. म्हणजे जेव्हा प्रतिभाताई खोलीत असायच्या, तेव्हाच मशीन आजारी पडायची.

आता हे मी कशाला शोधून काढलं, असं मला वाटायला लागलं. कारण ते सचिव साहेबांनाही दिसत होतं. ते म्हणाले, "गावंडे, तुमचंच सॉफ्टवेअर सांगतंय. ही बाई काहीतरी करते." मी म्हटलं, साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. म्हणालो खरा, पण घरी आल्यावर माझ्याही मनात पाल चुकचुकली. माणूस कंटाळतो, चिडतो, अर्जाला उत्तर मिळालं नाही म्हणून एखादी वायर ओढतो. असं झालेलं मी पाहिलं होतं. त्यांच्याबद्दल असं मनात आलं याचा मला रागही आला आणि तरी ते जाईना.

म्हणून मी अकोल्याला गेलो. आदल्या दिवशी फोन करून गेलो, म्हणजे मला घ्यायला गाडीवर कोणी तरी येईल. पोहोचलो तेव्हा अंगाची लाही झालेली. रामभाऊंनी बाहेरच्या खोलीत बसवलं, मठ्ठा दिला. शेजारी मोठा कूलर लावलेला, वाळ्याच्या ताट्या ओल्याकंच, वारा असा गार की डोळे मिटावे. मी म्हटलं, असा कूलर आमच्या अमरावतीच्या ऑफिसातही नाही. रामभाऊ म्हणाले, ताईनं घरून आनला. मला लाज वाटली. माझ्यासाठी बाईनं घरचा कूलर उचलून आणला आणि मी तिच्यावर संशय घेऊन आलो. त्या लाजेपोटी मी पुढे काही विचारलंच नाही.

मग सर्व्हरच्या खोलीत गेलो. दोन उभे पंखे घरघरत होते. सगळे सर्व्हर गुण्यागोविंदानं चालू. एकही चेक पिवळा नाही, फक्त तापमान जरा वर. ते मी सोडून दिलं, आम्ही सारखं दार उघडत होतो. संध्याकाळपर्यंत बसलो, लॉगमध्ये एक वाकडी ओळ नाही. सर्व्हरवर पांढरी भुकटी दिसली, ती बोटानं पुसली. वर भिंतीचे पोपडे निघालेले होते. रामभाऊंना म्हटलं, चुना पडतो इथं, झाडून घेत जा. अमरावतीला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाल.

पुन्हा गेलो. पुन्हा मठ्ठा, पुन्हा गार वारा, पुन्हा सगळं हिरवं. परतलो की लाल. असं आणखी एकदा झालं. डॉक्टरसमोर पेशंटचा ताप उतरावा तसा प्रकार. रामभाऊ म्हणायचे, साहेबाले पाहून मशीन शिस्तीत येते. त्यांनी सर्व्हरच्या रॅकला लिंबू-मिरची बांधली होती. मी इंजिनिअर माणूस, पण ती काढायची माझी हिंमत झाली नाही. कोण जाणे, तीच उपयोगी पडायची.

मी सगळं तपासलं. वीज तपासली, अर्थिंग तपासली. जवळच्या कापसाच्या जिनिंगच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब पडतो का ते पाहिलं, पण उन्हाळ्यात जिनिंग बंद. उंदीर पाहिले, मोबाइलचा टॉवर पाहिला. काहीच नाही. जेवताना बायको बोलायची आणि मी पोळीकडे पाहत राहायचो. ती म्हणाली, तुमचा तो सर्व्हर तुमच्यात शिरला, दिवसा बिघडता आणि रात्री बरे होता. हसलो नाही मी. जूनची बैठक जवळ आली होती आणि सचिव साहेबांनी सांगून टाकलं होतं की गावंडेंचा अहवाल आल्याशिवाय इंगळेबाईंचा करार पुढे जाणार नाही.

प्रतिभाताईंना ते माहीत होतं. त्यांनी मला एकदाच विचारलं, "साहेब, तुमाले काय वाटते? मी काही करते का?" मी नाही म्हटलं. पण लगेच म्हटलं नाही, मध्ये थोडा वेळ गेला, आणि तो त्यांनी ऐकला.

मेच्या शेवटी तेल्हाऱ्याला बायकोच्या नात्यात साखरपुडा होता. तिथून दुपारी गाडीनं परत येत होतो. बायकोला तहान लागली, बाटलीतलं पाणी तापून चहा झालेलं. दवाखाना वाटेवरच होता. म्हटलं, चल, रामभाऊचा मठ्ठा पिऊन जाऊ. फोन वगैरे काही केला नव्हता.

आत गेलो तर बाहेरच्या खोलीत कूलर नाही. सर्व्हरच्या खोलीचं दार सताड उघडं, कूलर स्टुलावर चढवलेला आणि त्याचं तोंड रॅककडे. रामभाऊ बोअरवेलच्या पाण्याची बादली त्यात ओतत होते. प्रतिभाताई टेबलाशी होत्या. मी दारात उभा राहिलो तो उभाच राहिलो.

रामभाऊंनी मला पाहिलं आणि ते इतके ओशाळले की बादली हातातच राहिली. म्हणाले, "साहेब, फोन काहून नाई केला? कूलर बाहेर काढून ठेवला असता."

आणि ते लगबगीनं वायर काढून तो कूलर माझ्यासाठी बाहेर ओढायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी येणार म्हटलं की सकाळीच कूलर पाहुण्यासाठी बाहेर. खोली कोरडी, मशीन बरी. मी अमरावतीची गाडी धरली की कूलर परत आत. अन् ज्याच्यामुळे मशीन मरत होती त्याच्याच वाऱ्यात डोळे मिटून मी विचार करत बसायचो की मशीन काहून मरते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर कळसा डोक्यावर पाणी शिंपडत होता.

मी सर्व्हरजवळ गेलो. पांढरी भुकटी होतीच. बोटाला घेतली आणि जिभेला लावली. खारट. तो सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, गोडं पाणी नळाला येईल तेव्हा येईल, ते प्यायला जपून ठेवतात. कूलरमध्ये खारंच पाणी. वाऱ्याबरोबर बारीक तुषार उडायचे, मशीनवर मीठ बसायचं आणि ओलाव्यानं ते मीठ जिथं नको तिथं वीज पोहोचवायचं. रात्री कूलर बंद, हवा कोरडी, मशीन ताळ्यावर. मागून बायको म्हणाली, अहो, काय चाटून राहिले? 

प्रतिभाताईंना मी खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. त्या एप्रिलच्या सुरुवातीचं बोलल्या. एसी चालेना, सचिव साहेबांचा फोन रोज, अर्जाला उत्तर नाही. घरी आईनंच सांगितलं की मशिनीयले ऊन लागते तर आपला कूलर घेऊन जा, मी अंगणात झोपते. त्यांनी ऑटोत घालून आणला. तापमान उतरलं, माझी शाबासकी आली. मी विचारलं, मला एवढे दिवस सांगितलं काहून नाही? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. उन्हाळ्यात कूलर लावला, ही काय सांगायची गोष्ट आहे? वऱ्हाडात कोणाच्या घरी नाही लावत? मी सर्व्हरचं विचारत होतो, त्यांनी सर्व्हरला हात लावला नव्हता.

मग त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हंजे मीच मारल्या का मशिनी?"

मी म्हटलं, नाही बाई, तुमी वाचवाले गेल्या होत्या. पण ते शब्द माझे मलाच पोकळ वाटले. खरं तर दोन्ही खरं होतं. मला कोणाची बाजू घ्यावी तेही कळेना, कारण दुसऱ्या बाजूला कोणीच उभं नव्हतं. एक कूलर आणि दोन अर्ज, बस.

आता अहवालाचं काय करायचं? माझ्या हातात होतं. जुन्या वायरिंगवर ढकलता आलं असतं. कारण समजलं नाही, असं लिहिता आलं असतं. दिवसभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "खरं लिवा साहेब. कारण कळलं नाई असं लिवलं त थे माया नावावरच राहीन. मंग मले कोनीच कामाले घेनार नाई."

मला ते पटलं. अहवालात मी आधी एसी लिहिला, मग दोन्ही अर्ज, मग त्यावर माझ्या शिफारशी, आणि त्यानंतर कूलर. क्रम मुद्दाम असा ठेवला की वाचणाऱ्याला अर्जाची शरम वाटावी. हुशारी केली होती मी.

बैठकीत सचिव साहेबांनी अहवाल हातात घेतला, पानं उलटली आणि कूलरपासून वाचायला सुरुवात केली. सगळे चकित झाले. एवढा किचकट बिघाड गावंडेंनी शोधून काढला म्हणून टाळ्या पडल्या. नवीन एसी जागच्या जागी मंजूर झाला. मला शाल आणि नारळ दिला. आणि पुढच्या विषयात, परवानगी नसताना खोलीत बाहेरची वस्तू आणून यंत्रांचं नुकसान केलं, या कारणानं इंगळेबाईंचा करार संपवायचं ठरलं.

मी उठलो. म्हटलं, त्यांनी दोनदा लिहून कळवलं होतं, वाचलं कोणी? सचिव साहेब शांतपणे म्हणाले, तुमच्या भावना समजतात, पण नियम आहे. कोणीतरी म्हणालं, अहो गावंडे, आज तुमचा सत्काराचा दिवस. सगळे माझ्याकडे हसून पाहत होते. अंगावर शाल असली की माणसाला धड भांडता येत नाही. आवाज चढवला की ती खांद्यावरून घसरते आणि तुम्ही ती सावरत बसता. मी ती सावरत बसलो. घरी आल्यावर बायकोनं नारळ देवापुढे ठेवला आणि ती आत गेली.

प्रतिभाताईंनी कूलर ऑटोत घालून परत नेला, असं रामभाऊंनी कळवलं. मी दोनतीनदा त्यांचा नंबर काढला आणि फोन परत ठेवला. बिघाड सापडला नसता तर त्यांच्यावर संशय राहिला असता. सापडला तर नोकरी गेली. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की कारण शोधा, कारण सापडलं की अर्धं काम झालं. इथं अर्धं काम झालं आणि उरलेल्या अर्ध्यात बाई घरी बसली.

काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागेल. मी तयारच होतो. पण त्यांनी आधी अभिनंदन केलं. म्हणाल्या, शोधलं नसतं तर मी जलमभर डोकं फोडत बसली असती. मग म्हणाल्या की शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळतंय, तिथंही असंच सॉफ्टवेअर आहे, ओलाव्याचा चेक कसा लावतात ते शिकवता का?

मी शिकवलं. फोनवरच, पहिल्यापासून. तापमानाचा चेक आम्ही लावला होता, ओलाव्याचा कोणालाच सुचला नव्हता, हेही सांगितलं. ओलावा इतक्याच्या वर गेला की पिवळा, त्याच्याही वर गेला की लाल, असं सांगत होतो तर त्यांनी अडवलं. इथं उलटं आहे साहेब, ओलावा कमी झाला त संत्रं सुकते, खालची हद्द सांगा. घ्या. जो ओलावा अकोल्यात मशीन मारतो तोच शेंदूरजनाघाटला संत्रं जगवतो. मी कागदावरचं सगळं खोडून पुन्हा सांगायला बसलो. त्या एकेक गोष्ट परत म्हणून दाखवायच्या, मगच पुढे जायच्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "आन् साहेब, लाल झाल्यावर कोनाले कळवाचं?"

चेक लावताना तसा एक रकाना असतोच. तिथं नाव आणि नंबर टाकायचा. नोकरीत मी असे किती रकाने डोळे झाकून भरले असतील. पण या बाईनं ज्यांना कळवायचं त्यांनाच कळवलं होतं, वेळेवर, लेखी, दोनदा. तिला आता कोणाचं नाव सांगू?  मग म्हटलं, तिथल्या मॅनेजरचा नंबर टाका. त्या म्हणाल्या, आन् त्यानं नाई पाह्यलं त? म्हटलं, बरं, माझा टाका.

"तुमी त येत्या मार्चमध्ये रिटायर होऊन राहिले, साहेब."

"तरी टाका."

मी रिटायर झालो. आता घरी असतो, पेपर वाचतो, भाजी निवडून देतो. मधूनच फोन वाजतो, शेंदूरजनाघाट, ओलावा कमी, लाल. मी उठतो, चपला घालतो आणि फाटकापर्यंत जातो. तिथं गेल्यावर कळते की जायचं कुठं आहे? मग ताईंना फोन लावतो. त्या म्हणतात, दिसलं साहेब, पाहून राहिली. मी बरं म्हणतो आणि चपला काढतो. त्या रकान्यात माझ्याशिवाय आणखी कोणाचं नाव आहे का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.